स्तामेनाचं आडवं पान

आमच्या गावात माणूस गेलं की त्याचं पत्रक निघतं. काळी चौकट, वर फोटो, खाली नाव, त्याखाली दोन ओळी. ते दारावर लागतं, अक्रोडाच्या बुंध्यावर लागतं, बसथांब्याच्या पत्र्यावर लागतं. चाळिसाव्या दिवशी नवं, सहा महिन्यांनी नवं, मग दरवर्षी, लावणारं कोणी उरलं असेल तोवर. वाऱ्याने फाटतं, उन्हाने पिवळं पडतं, पण काढत कोणी नाही.

ही पत्रकं मी करते. गावचं वाचनालय माझ्याकडे आहे. वाचणारे निघून गेले, कोणी राजधानीला, सोफियाला, कोणी स्पेनला, आणि बरेचसे त्या अक्रोडावर. संगणकात नमुना तयारच असतो: ए-फोर कागद, उभं पान, चारी बाजूंनी समास. नाव बदलायचं, फोटो बदलायचा, छापायचं.

अंगणाअंगणात मिरच्या भाजल्याचा वास सुटला होता, त्या दिवसांत रादुलकाका आला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि टोपीकडेच बघत म्हणाला, "झोर्के, सहा महिने होतायत स्तामेनाला."

"ठाऊक आहे, काका. फोटो तोच ठेवू ना?"

"तो नको."

तो ओळखपत्रावरचा फोटो होता. त्यांच्या मुलाने स्पेनहून फोनवर सांगितलं, जो हाताशी असेल तो लावा, आणि आम्ही लावला. त्यात स्तामेनाकाकू ओठ मिटून समोर बघते, चौकीवर बोलावून आणल्यासारखी.

"थांब्यावर रोज बघतो मी तिला," काका म्हणाला. "भेदरून उभीय. एकटी. तिला एकटं राहायला कधी जमलंच नाही गं. मी गिरणीत अडकलो, तर ही कोंबड्यांशी बोलत बसायची. कोंबड्या झोपल्या की उठवायची त्यांना."

मग त्याने छातीच्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून फोटो. घरासमोरचं बाकडं. उजव्या अंगाला काका, कुंपणाच्या खांबासारखा ताठ. डावीकडे काकू, तोंड उघडून हसणारी, सगळा भार त्याच्या खांद्यावर टाकून कललेली.

"कधीचा हा?"

"घोडा विकला त्या सालचा."

मी फोटो संगणकात घेतला आणि नमुन्यात बसवला. उभ्या पानात तो आडवा फोटो इतका लहान झाला की दोघं मुंग्यांएवढी दिसायला लागली. शिवाय दुसरीच अडचण होती.

"काका, तुम्ही जिवंत आहात. पत्रकावर जिवंत माणूस चालत नाही."

"मग मला काप."

मी त्याला कापला. काकू मोठी झाली, पान भरलं. छापून त्याच्या हातात दिलं. त्याने कागद लांब धरला. काकू हसत होती, पण तिचा कललेला खांदा आता काळ्या रेघेवर आदळला होता. भिंतीवर जाऊन पडल्यासारखी दिसत होती.

"परत एकटी केलीस," काका म्हणाला. रागाने नाही. पाऊस येईल असं म्हणावं तसा.

थोड्या वेळाने त्याने तो कागद हातातल्या हातात फिरवला. काकू कुशीवर झाली.

"हा असा होत नाही का? आडवा? मला काप, पण माझी जागा राहू दे."

आडवं पान आमच्याकडे दोघांचं असतं. नवरा-बायको एकामागोमाग गेले, की दोन फोटो शेजारी-शेजारी, एकाच चौकटीत. लांबून आडवं पान दिसलं की लोक दुसरं कोण ते बघायला पुढे येतात. मी हे सांगितलं.

"येऊ देत की," काका म्हणाला.

मी पानाची मांडणी उघडली, उभ्याचं आडवं केलं. सगळं घर हललं. चौकट मोडली, नाव दुसऱ्या पानावर जाऊन बसलं, फोटो कोपऱ्यात. एकेक उचलून जागेवर आणलं आणि छापलं, तर खालची काळी रेघच गायब.

काकाने बोट ठेवलं. "खालून उघडी राहिली. थंडी लागेल तिला."

बघते तर कागदाचा आकारच बदललेला. आमचा ए-फोर सोडून संगणकाने आपल्या मनाने अमेरिकेतला कागद धरला होता. तो पुन्हा ए-फोर केला, पुन्हा आडवा केला, मग छपाईच्या खिडकीतही आडवा केला. संगणकाला सांगितलेलं छपाईयंत्राला ऐकू जातंच असं नाही. एका घरातल्या दोन बहिऱ्या म्हाताऱ्यांसारखी गत.

"ओळी कुठल्या घालू? नेहमीच्या आहेत माझ्याकडे."

"नेहमीच्या नको." तो खिडकीकडे तोंड करून बसला. आमच्या डोंगरात बायका कापणीला ज्या चालीवर गातात, त्या चालीत ओठ हलवत राहिला. मग मला लिहून घ्यायला सांगितलं:

घागर भरली विहिरीवर, दोर ओला काठावर,
बसली पाहत वाट सखी, टेकून माझ्या खांद्यावर.

मी लिहीत होते तेवढ्यात काकाची शेजारीण त्सोना दारात आली, कोपरापर्यंत लाल हात घेऊन. तिने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. डावीकडे हसणारी स्तामेना, उजवीकडे अर्धा कागद पांढराफटक.

"अगं बाई! शाई संपली का वाचनालयाची?"

"माझी जागा आहे ती," काका म्हणाला.

त्सोनाने तीनदा थू थू केलं. "तोंड धू ते आधी! रिकामी जागा ठेवतात होय? मरणाला बसायला खुर्ची मांडलीस रे!"

"त्सोने, तू जा. तुझ्या मिरच्या काप."

"मिरच्या भाजायच्यात, कापायच्या नाहीत. तुला कसं कळणार? चुलीपाशी आलास का कधी? स्तामेनाने डोक्यावर बसवून ठेवला होता तुला." एवढं बोलून ती लाल हात पोटाशी धरून निघून गेली.

माझंही बोट छपाईच्या बटणापाशी अडलं. भीती मलाही वाटतेच.

"काका, खरंच छापू?"

"तिला टेकायला काहीतरी हवं ना, पोरी."

मी छापलं.

थांब्यावर सगळी पत्रकं उभी, खांद्याला खांदा लावून. त्यांच्यात आडवं पान मावेना. शेवटी आम्ही ते बाजूच्या पत्र्यावर लावलं, जिथे काहीच नव्हतं. काका मागे सरकून बघत राहिला. आता काकू रेघेवर पडत नव्हती. उजवीकडच्या पांढऱ्यात कोणीतरी आहे अशा भरवशाने कलली होती.

पण लोक थांबेनात. लांबून आडवं पान बघून पुढे यायचे, रिकामा अर्धा भाग बघायचे, छातीवर क्रूस काढायचे आणि पलीकडच्या कडेने जायचे. बसची वाट बघणारेही उन्हात उभे राहायला लागले. काका रोज घरून खाली उतरून यायचा, पत्रकाशेजारी उभा राहायचा, आणि त्याच्याशी बोलायचं सोडून लोक मान खाली घालायचे. न जाणो, पुढचं पत्रक त्याचंच.

"कोणी बघतही नाही तिच्याकडे," एकदा तो मला म्हणाला. "ओळखपत्रातली बरी होती का गं?"

नवं उभं पान करून देऊ का, असं विचारणार होते. विचारलं नाही.

मग एका सकाळी वाचनालय उघडायला जाताना थांब्यावर पाहिलं, आणि माझ्या अंगाची लाहीलाही झाली. त्या पांढऱ्या अर्ध्या भागावर सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलं होतं: पाववाल्याची गाडी या आठवड्यात शनिवारी. मी सगळ्यांचा घेऊन ठेवते. नावं लिहा. त्सोना. पेन्सिल दोऱ्याने बांधून लटकवली होती.

मी तशीच त्सोनाच्या अंगणात शिरले. "लाज नाही वाटत? मेलेल्या बाईच्या पत्रकावर पाव?"

ती कढई ढवळत होती, ढवळतच राहिली. "ओरडू नकोस. मोकळं ठेवलं असतं तर मरण येऊन बसलं असतं. स्तामेनाच्या शेजारी, रादुलच्या जागी. आता म्हणावं बसून दाखव! जागाच ठेवली नाही मी."

दुपारपर्यंत नावं आली. मिन्चो, एक. वेलिका, दोन, एक मऊ. पाद्रीबुवांच्या घरी तीन. कोणी लिहिलं, बकरी सापडली, घेऊन जा. लिहायला थांबलेलं माणूस आधी पेन्सिल शोधायचं, मग मान वर करायचं, आणि काकू त्याच्याकडे बघून हसत असायची.

काका आला तेव्हा मी वाचनालयाच्या पायरीवर उभी होते, त्याची समजूत काढायला शब्द जुळवत. त्याने सगळं वाचलं. बकरीचंही वाचलं. सगळी नावं उजव्या कडेला दाटली होती. काकूच्या खांद्यालगतची जागा कोणी घेतली नव्हती. त्याने पेन्सिल जिभेवर ओली केली आणि तिथे लिहिलं, रादुल. मग हात तसाच राहिला. बऱ्याच वेळाने त्यापुढे लिहिलं, एक.

वेलिका पिशवी घेऊन बससाठी आली होती. "बघ कशी हसतेय," ती म्हणाली. "तुलाच हसतेय, रादुल."

"मलाच. फोटोवाला म्हणाला हलू नका, आणि माझ्या टोपीत मधमाशी. मी हलतोय कुठला! हिला ऐकू येत होती ती, टोपीतली गुणगुण..."

बस आली. वेलिका हसत चढली, खिडकीतून हात केला, बस वळणाआड गेली.

काका थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिला. मग त्याने टोपी काढली आणि पत्र्याकडे वळून मधमाशीचं पुढचं सांगायला लागला.