जोडलेली उपकरणे : सात

घरात मला 'शहाण्या' म्हणतात. लहानपणी मी घड्याळं उघडून बसायचो, तेव्हा मावशीने ठेवलेलं हे नाव. मावशीला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. त्यामुळे नाव ठेवलं तेही हातानेच. कानशिलावर तर्जनी दोनदा टेकवायची, झाला शहाण्या. त्या खुणेचा शब्द आईने केला. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी कधी विचारलं नाही. सोयीचं तेवढं घेतलं.

मी विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकतो. काम घरूनच चालतं आणि कामाची सवय घरातही सुटत नाही. मला सगळीकडे लबाडीच दिसते. गेल्या महिन्यात आमची व्हिडिओ मीटिंग दुपारी दोनची झाली आणि तिच्यात माझं चित्र रोज गोठायला लागलं, तेही नेमकं तोंड उघडं असताना. साहेब म्हणाले, "जांभई देऊन झाली की सांगा." सगळे खो खो हसले. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

सुट्टीच्या दिवशी राउटरचं मनावर घेतलं. कपाटामागे कोंबलेला तो डबा हॉलच्या मधल्या फळीवर आणला. शेजारपाजारचे सगळे राउटर एकाच चॅनेलवर दाटीवाटीने बसले होते, म्हणून आमचा एका मोकळ्या चॅनेलवर नेला. मग फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या पोटातलं सॉफ्टवेअर, चार वर्षं जुनं निघालं. नवं चढवायला घेतलं. ते चढत असताना वीज तुटली तर राउटर कायमचा जातो, म्हणून मी तिथेच पहारा देत उभा होतो. तेवढ्यात आई फडकं घेऊन आली आणि फळी पुसता पुसता तिचा हात प्लगला लागला.

"हात काढ!" मी असा खेकसलो की तिच्या हातातलं फडकं पडलं. "सगळं खलास होईल! तुला कळत नाही त्यात हात घालू नकोस."

"बरं," आई म्हणाली आणि फडकं उचलून तिच्या खोलीत गेली.

नव्या फर्मवेअरने एक यादी दाखवली. 'जोडलेली उपकरणे : सात.' मी घरभर फिरून मोजली. दोन लॅपटॉप, दोन फोन, टीव्ही, प्रिंटर. सहाच भरली. आईच्या खोलीत डोकावावं असं मनातही आलं नाही. तिच्याकडे तर साधा बटणांचा फोन. सातव्याला नाव नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे. ठीक दोन वाजता ते जागं झालं आणि भसाभसा नेट ओढायला लागलं.

चोर सापडला! आमच्या वरच्या मजल्यावर एक शिंपी राहतो. छतापलीकडून नेट पळवणारा दुसरा कोण असणार? मी 'ब्लॉक' दाबलं. वेग दुप्पट झाला. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये माझं तोंड न गोठता चालत होतं. जिन्यात शिंपी भेटला तेव्हा मी म्हणालो, "काय, फुकटचं नेट बंद पडलं वाटतं?" त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "माझं स्वतःचं आहे साहेब, तुम्ही राहायला यायच्या आधीपासून." कसा साळसूदपणे बोलतो बघा, असं मी बायकोला रंगवून सांगितलं.

असे नऊ दिवस गेले. आई जेवताना गप्प असायची. वय झालं, मी म्हटलं.

बायको नर्स आहे. दुपारच्या पाळ्यांचे दिवस संपून ज्या दिवशी ती दुपारी घरी होती, त्या दिवशी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"आईंचा फोन चालत नाहीये."

"तो बटणांचा? बॅटरी गेली असेल."

"तो नाही. तुझा जुना, ड्रॉवरमध्ये पडला होता तो. वर्षापूर्वी मी त्यांना व्हिडिओ कॉल लावून दिला होता. रोज दोन ते चार मावशींशी बोलतात. नऊ दिवस झाले, लागत नाहीये. प्लगला हात लागला तेव्हा आपल्याच हातून बिघडला असं धरून बसल्यात."

"मग मला सांगायचं ना!"

"तुला घाबरतात," बायको म्हणाली.

मावशी लांबच्या वृद्धाश्रमात असते. तिथे तिच्या खुणा कुणालाच येत नाहीत. साध्या फोनचा तिला उपयोग नाही. आईचे हात दिसले तरच तिला बोलता येतं. या घरात रोज दोन तास गप्पा चालायच्या, आणि त्या हातांनी चालायच्या म्हणून मला भिंतीपलीकडून एक शब्द ऐकू आला नाही. आणि चोर कोण, तर माझाच जुना फोन! मला माझी इतकी लाज वाटली की बायकोकडे मान वर करून बघवेना.

ब्लॉक काढायला चार सेकंद लागली.

आईच्या खोलीत गेलो तेव्हा फोन लागला होता. पडद्यावर मावशी रडत होती आणि तिचे हात भराभर चालले होते. आईने काहीतरी सांगितलं. मावशीने डोळे पुसले, दारातल्या मला पाहिलं आणि कानशिलावर तर्जनी दोनदा टेकवली. मग दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवल्यासारखे पुढे केले.

"काय सांगितलंस तिला?" मी विचारलं.

"माझ्या हातून बिघडला होता, शहाण्याने दुरुस्त केला."

"आई, मीच बंद केला होता. सांग तिला. नाहीतर मला ती खूण शिकव, मी सांगतो."

आईने मान हलवली. "नऊ दिवस तिला वाटत होतं, मीसुद्धा तिला तोडलं. आता शहाण्याने तोडलं असं कसं सांगू? तिला लाड करायला तुझ्याशिवाय आहे कोण?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या वेळी बंद करायचं असेल तर आधी मला सांग. मी तिला कळवीन."

पुढच्या वेळी! पडद्यावर मावशी अजून हात पुढे धरून बसली होती. वाकण्यावाचून सुटका नव्हती. मी वाकलो आणि न कमावलेला आशीर्वाद घेतला.