डेन्सर म्हणजे काय?

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. अंगाने जाडजूड. माझी पाने एका बाइंडरने हाताने शिवली आणि कण्याला खळ लावून मला दोन दिवस फळीखाली दाबून ठेवले. तेव्हापासून माझी पाठ ताठ आहे, निदान होती.

रंगाच्या दुकानात रंग मिसळून देणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतले. डब्यांवरचे इंग्रजी त्यांना समजून घ्यायचे होते. पहिली काही वर्षे माझी चंगळ होती. रोज संध्याकाळी त्या मला उघडत आणि माझ्या कडांना त्यांच्या बोटांचा निळा, पिवळा रंग लागे. पुढे त्यांचे इंग्रजी सुधारले आणि मी कपाटावर गेलो. कधी वारा सुटला की दार अडवायला मला खाली घेत, एवढेच.

त्यांना दोन मुली. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला चिमणी. ताई हुशार, पण तिचा पारा पटकन चढे. एका दुपारी तिच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. चिमणीने अपूर्णांकाचे एकच गणित तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा ताई म्हणाली, "अगं, तू तर या भिंतीपेक्षा डेन्सर आहेस!"

मैत्रिणी खो खो हसल्या. चिमणीही हसली, कारण तिला काही कळलेच नव्हते.

त्या गेल्यावर तिने स्टुलावर चढून मला काढले. किती दिवसांनी कोणीतरी मला वाचायला घेत होते! तिचे बोट ओळीवरून सरकत शेवटच्या अर्थावर थांबले : मठ्ठ, मंदबुद्धी. तिने मला मिटले. मला बोलता आले असते तर मी ओरडलो असतो, "बाळा, वरचेही वाच!"

त्यानंतर तिने ताईला काही विचारणे सोडले. वर्गात हात वर करणेही सोडले. सहामाहीत गणितात नापास झाली, तेव्हा आईने तिला जवळ घेतले आणि सगळे बाहेर आले. आईने मला मांडीवर घेतले आणि ताईला हाक मारली.

"वाच. मोठ्याने. पहिल्यापासून."

ताई वाचू लागली. डेन्स म्हणजे दाट, घन, गच्च भरलेला. लॅटिनमधल्या डेन्सस या शब्दावरून आलेला. दाट धुके, घनदाट जंगल. शेवटी 'अर' हा प्रत्यय लागला की डेन्सर, अधिक दाट. आपण 'पेक्षा' म्हणून जे सांगतो, ते इंग्रजीत हा प्रत्यय सांगतो. मग शेवटचा अर्थ आला आणि ताईचा आवाज अडखळला.

"बघ, चांगला अर्थही आहे," ती घाईने चिमणीला म्हणाली.

"सारवासारव नको," आई म्हणाली. "रंग दाट असला तर मीही त्याला चांगलाच म्हणते. पण तू रंगाबद्दल बोलत नव्हतीस."

"गंमत केली गं मी."

"गंमत होती, तर हिला का कळली नाही?"

पुढच्या रविवारी त्याच मैत्रिणी आल्या. चहा ठेवता ठेवता ताई मध्येच थांबली. "त्या दिवशी मी चिमणीला मठ्ठ म्हटलं. ती मठ्ठ नाही. मला नीट समजावता येत नव्हतं." तिचे कान लाल झाले होते. खोलीत कोणी हसले नाही.

चिमणी दारात उभी होती. ती म्हणाली, "मग आज समजाव. पण ओरडलीस तर मी उठून जाईन."

ताई दोनदा ओरडली. चिमणी दोनदा उठून गेली. दोन्ही वेळा ताई तिला परत घेऊन आली.

आता दोघी मोठ्या झाल्या आहेत आणि शब्दांचे अर्थ फोनमध्ये पाहतात. माझा कणा निखळला आहे, कसरीने कडा कुरतडल्या आहेत. मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला अधूनमधून ऊन दाखवा, धूळ झटका, बस. आणि एक मागणे आहे. माझ्या पोटात बोचणारे शब्दही आहेत, ते मला काढून टाकता येत नाहीत. मी फक्त त्यांचा अर्थ सांगतो. ते कोणाला म्हणायचे आणि कोणाला नाही, हे माझ्या एकाही पानावर छापलेले नाही. ते तुम्हालाच ठरवावे लागेल.