मोटेचा नाडा जत्रेला जातो

मित्रांनो, मी एक जुना नाडा आहे. लगेच विजारीकडे बघू नका. मी मोटेचा नाडा. विहिरीतून पाण्याने भरलेली चामड्याची मोट बैल ओढून वर काढत, तेव्हा बैलांच्या आणि मोटेच्या मध्ये जो जाड दोर असे, तो मी. माझ्यासोबत खालच्या बाजूला एक बारीक दोर असे, त्याला सोंदूर म्हणत. काम दोघांचं असलं तरी वजन माझ्या अंगावर. हे मी सोंदुराच्या तोंडावरही सांगत असे.

माझा जन्म शिंदखेड्याकडच्या एका गावात झाला. दोर वळणाऱ्या तोतारामने केकताडाची पानं कुजवली, झोडपली, धुतली आणि त्यांच्या पांढऱ्या वाखाला, म्हणजे धाग्यांना, पीळ देऊन मला वळलं. केकताड म्हणजे बांधावरचं ते काटेरी, तलवारीसारख्या पानांचं झाड. मला उखर्डू आबांच्या हातात देताना तोताराम म्हणाला, "आबा, बैल थकी जातीन, हाऊ नही थकाव." तेव्हापासून माझ्या अंगात जो ताठा आला, तो आजही पुरता गेलेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण माझ्याच भाऊबंदांवरून पडली आहे.

आबा धावेवर, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावर, बैल हाकायचे आणि त्यांची बायको भिकुबाई खाली मिरचीच्या वाफ्यात दारं धरायची. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं. मोट रिकामी होताना आबा काहीतरी थट्टा करायचे आणि अक्का फावडं उगारायची. आबांची जीभ फार वाईट. माणूस सोन्यासारखा, पण थट्टा करायची संधी सापडली की वाटेल ते सोडतील, थट्टा सोडणार नाहीत. ते दिवस मला फार आवडायचे.

मग गावात वीज आली आणि विहिरीवर मोटर बसली. कानामागून आली आणि तिखट झाली. बटण दाबलं की पाणी. मोट माळ्यावर गेली, सोंदुराचा पाळणा झाला आणि मी गोठ्यातल्या खुंटीवर. उंदरांनी माझं एक टोक कुरतडलं. वर्षातून एकदाच मला खाली काढत, मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या दत्ताच्या जत्रेला निघताना गाडीवर कडबा बांधायला. ज्याने विहीर उपसली, त्याने आता कडबा आवळायचा. पण जत्रा बघायला मिळायची म्हणून मी गप्प राहत असे.

ही गोष्ट शहाऐंशी-सत्याऐंशीच्या सुमाराची आहे. जत्रेत अक्काला ना घोडे बघायचे असत, ना बांगड्या घ्यायच्या असत. तिची धाकटी बहीण ताईबाई सातपुड्याच्या पायथ्याशी दिलेली होती. दोघींची भेट वर्षातून एकदा, त्या जत्रेत. ती भेटही अर्ध्या दिवसाची. दिवस मावळायला आला की ताईबाई उठायची. "म्हशी दोहाना शेत," म्हणायची, म्हणजे धारा काढायच्या आहेत, आणि आपल्या गावच्या गाडीत बसून निघून जायची. गाडी दिसेनाशी होईपर्यंत अक्का उभी राहायची.

वय झालं तसं अक्काला रात्री घडीघडी लघवीला उठावं लागू लागलं. घरी त्याचं काही वाटत नसे. दार उघडलं की अंगण, अंगणाच्या कडेला न्हाणी. जत्रेत मात्र गाड्यांची रांगच्या रांग, सगळ्यांवर पांढऱ्या कापडाचं छत, आणि अक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलेला. चांदणं असूनही काय उपयोग? चांदण्यात तर सगळ्या गाड्या आणखीच एकसारख्या दिसत. एका जत्रेत ती रात्री बाहेर गेली आणि परत येताना दुसऱ्याच गाडीत जाऊन निजली. तिथल्या झुंबरबाई नावाच्या बाईने झोपेत आपलीच सासू समजून तिच्यावर गोधडी ओढली. अक्काही थंडीने गारठलेली, तिला छान झोप लागली. सकाळी दोघी समोरासमोर उठून बसल्या, तेव्हा काय झालं ते तुम्हीच समजून घ्या.

झुंबरबाईने चहा पाजून अक्काला पोचवलं. गोष्ट तिथे संपायला हवी होती, पण आबा कसले गप्प बसतात? पारावर, लग्नात, दळणाच्या रांगेत, आमच्या गोठ्यातही, जिथे चार माणसं भेटतील तिथे त्यांनी ती सांगितली. दर वेळी गोधडी थोडी मोठी व्हायची. लोक हसायचे. अक्काही पदर तोंडाला लावून हसल्यासारखं करायची. मी खुंटीवरून बघत होतो, ती हसत नव्हती.

पुढच्या मार्गशीर्षात ती म्हणाली, "तुम्ही जाई या. मी घर राखसू."

आबांना काही उमगेना. जत्रेला नाही म्हणजे ताईबाईला भेटायचं नाही, आणि दोघी बहिणी काही आता तरुण राहिल्या नव्हत्या. एवढ्यात ताईबाईचाच निरोप आला, की मी येते आहे, तू ये. रात्री अक्काने शिदोरीसाठी भाकरीचं पीठ काढलं.

गाडी निघाली. मी कडब्यावर ताणून बसलेला, म्हणून मला सगळं दिसत होतं. वाटेत मुलगा हिलाल तांब्या पुढे करायचा आणि अक्का मान हलवायची. दुपारी भाकरीबरोबरही तिने घोटभरच पाणी घेतलं. रात्री उठावं लागू नये म्हणून तिने हा उपाय काढला होता. मित्रांनो, मी जन्मभर पाणी वर काढलं आहे. पाण्यावाचून माणसाचं काय होतं ते मला ठाऊक होतं, पण नाड्याला तोंड कुठे असतं?

जत्रेत पोचल्यावर अक्का गाडीतून उतरली आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आबांनी तिला धरलं म्हणून ती पडली नाही. ओठ सुकून गेले होते. आबांनी तिला चाकाला टेकवून बसवलं आणि विचारलं, "सकायपशी पानी का बरं नही पिनी तू?"

अक्का खाली बघत म्हणाली, "रातले घडीघडी उठनं पडस. आखो दुसरानी गाडीमा जाई पडसू, नी तुम्ही वरीसभर हासशात."

आबांनी तांब्या तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "हासनू, चुकनू मी. आते पानी पी."

ती पाणी प्यायली. आबा उठले. हिलालने गाडी बाजाराजवळच्या रांगेत लावली होती. ती त्यांनी रांगेच्या शेवटी, शेताच्या बांधाला नेऊन लावायला सांगितली. कडबा उतरवला आणि मला ओढून घेतलं. माझं एक टोक त्यांनी गाडीच्या चाकाच्या आऱ्याला बांधलं आणि दुसरं बांधावरच्या बाभळीला. मध्ये मी कमरेएवढ्या उंचीवर ताणलेला. बाभळीशी तीन काठ्या रोवून त्यांनी अक्काचं जुनं लुगडं आडोशाला लावलं. मग अक्काचा हात धरून माझ्यावर ठेवला.

"नाडा सोडू नको," आबा म्हणाले. "जठे हाऊ संपस तठे तुनी जागा. येताना बी हाऊच धर, तो आपलीच गाडीले लई येई."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईबाई आली. बहिणीच्या गळ्यात पडली, गूळ-शेंगा दिल्या, आणि मग तिची नजर माझ्यावर पडली. हा इथे कशाला बांधलाय, तिने विचारलं. अक्काने लाजत लाजत सगळं सांगितलं. ताईबाई हसेल असं तिला वाटलं असावं. ताईबाई माझ्यावरून हात फिरवत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"अक्का, माले बी असंच शे," ती म्हणाली. "म्हशी ते सून दोहस. मी यानाकरताच सांजले निंघी जास."

इतकी वर्षं, मित्रांनो! म्हशींचं नाव पुढे करून ती उठत होती आणि दोघी बहिणी अर्ध्या दिवसात वर्षाचं बोलणं उरकत होत्या. एकीने दुसरीला सांगितलं असतं, तर किती रात्री त्यांच्या हाती लागल्या असत्या! मला त्या दोघींचा रागही आला आणि दयाही आली.

त्या रात्री ताईबाई राहिली. दोघी पोटभर पाणी प्यायल्या. एक उठली की दुसरीही उठायची. पुढे अक्काचा हात, मागे ताईबाईचा. मला बैलांच्या ओढीची सवय. हे हात इतके हलके होते, की मी श्वास धरून ताठ राहिलो. परत आल्या की दोघी एकाच गोधडीत बसून आईच्या, माहेरच्या आंब्याच्या आणि मेलेल्या भावाच्या गोष्टी बोलायच्या. आबा घोरत नव्हते, नुसते डोळे मिटून पडले होते. जत्रा उठेपर्यंत ताईबाई घरी गेली नाही.

निघायच्या दिवशी अक्का म्हणाली, की ताईबाईचं घर शेतात आहे, कुंपणाचा आडोसा लांब आहे, तिलाही रात्री अंधारात चाचपडत जावं लागतं. आबांनी मला सोडवलं, हातावर मापून मध्यावर धरलं आणि विळा काढला. हिलाल म्हणाला, "आबा, मोटना नाडा तोडतस?"

"दोन बहिनी तोडानापेक्षा नाडा तोडेल बरा," आबा म्हणाले.

मला दुखलं. खोटं कशाला सांगू? मोटेला जे जमलं नाही, ते विळ्याने केलं. माझा अर्धा भाग ताईबाईच्या गाडीत गुंडाळून सातपुड्याकडे गेला. त्याची माझी पुन्हा भेट नाही. पुढे आबांनी अक्काला दोंडाईच्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि पाणी बंद करू नका असं बजावलं. उरलेला मी मात्र पुन्हा खुंटीवर गेलो नाही. आमच्या दारापासून न्हाणीपर्यंत मी आहे, आणि ताईबाईच्या दारापासून कुंपणापर्यंतही मीच आहे.

मित्रांनो, माझं ऐकाल? तुमच्या आजीने किंवा आजोबांनी गावाला यायला नकार दिला, किंवा संध्याकाळी पाण्याचा तांब्या मागे सारला, तर त्यांना हौस नाही, तहान नाही असं समजू नका. हसू तर मुळीच नका. जवळ बसून हळूच विचारा. आणि गोठ्यात एखादा जुना दोर पडलेला असेल, तर त्यांचा हात धरून त्यावर ठेवा.