भाऱ्याचा दगड

विमलाबाईंनी वीस वर्षांत तो धबधबा इतक्या वेळा सांगितला होता, की रत्नागिरीतल्या त्यांच्या शाळेचा शिपाईसुद्धा डोळे मिटून तिथे जाऊन आला असता. राजापूर तालुक्यातलं तुळसणे हे त्यांचं माहेर. घरासमोर डोंगर, डोंगराच्या कपाळावर धबधबा. "मी अनवाणी चढायचे, अर्ध्या तासात," हे वाक्य ठरलेलं. ऑफिसच्या खिडकीत फीच्या पावत्या फाडता फाडता त्या ते सांगत आणि नव्या शिक्षिका चहा गार होईपर्यंत ऐकत.

यात एकच अडचण होती. विमलाबाई तिथे कधीच गेल्या नव्हत्या.

खोटं बोलायचं म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. दहाव्या वर्षी त्यांना शिकायला मावशीकडे रत्नागिरीला पाठवलं, आणि धबधबा राहिला अंगणातून दिसणाऱ्या पांढऱ्या रेघेपुरता. वर जायच्या गोष्टी थोरला भाऊ आत्माराम सांगायचा. पहिल्यांदा सांगताना "माझा दादा चढायचा" असंच होतं. पुढे कधीतरी दादा गळून पडला आणि त्याच्या जागी विमलाबाई चढायला लागल्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ती मग खाली कशी घ्यायची हे कोणी शिकवत नाही.

ऑक्टोबरअखेर त्या निवृत्त होणार होत्या. निरोप म्हणून शाल-श्रीफळ द्यायचं ते तेव्हा देऊच, पण त्याआधी बाईंच्या धबधब्यावर एक दिवसाची सहल काढू, असं विज्ञानाच्या रसिका मॅडमनी सुचवलं आणि सगळ्यांनी उचलून धरलं. "वाट बाई दाखवतील," रसिका म्हणाली. विमलाबाई हसल्या. हसता हसता त्यांनी पावती चुकीच्या रेघेवर फाडली.

खेळाचे विनीत सर असल्या कामात वाघ. त्यांनी ग्रुप काढला, नाव दिलं 'चलो तुळसणे', आणि यादी टाकली: पकड असलेले बूट, जळवांसाठी मीठ, मोबाईलला प्लास्टिकची पिशवी. तारीख श्रावणातला दुसरा रविवार. जेवणावरून दोन दिवस वाद झाला. श्रावण पाळणारे पाच आणि न पाळणारे तीन, तेव्हा मासळी बाद होऊन पुलावावर तडजोड झाली. मग सरांनी शेवटचा मुद्दा टाकला: "पावसात वाट चुकलो तर चेष्टा नाही. पण बाई आहेत, म्हणजे काळजी नाही."

ते वाचून विमलाबाईंना रात्रभर झोप आली नाही. चेष्टा झाली असती तर त्यांनी सोसली असती. पण आठ माणसं आपल्या भरवशावर शेवाळलेल्या डोंगरात शिरणार, याची त्यांना खरोखर भीती वाटली. आणि खरं सांगावं तर रसिकासमोर तोंडघशी पडायचं, ही भीती त्याहून मोठी होती. ती पोरगी त्यांच्याकडे फार मानाने बघायची.

त्यांनी आत्मारामदादाला फोन केला. "वाट? वाट काय, सरळ वर," दादा म्हणाला. म्हणजे कुठून? "ह्या पऱ्याच्या कडेकडेनं, पानी येतंय तिकडनं. लहान पोरगं जाईल." त्याच्या बायकोला, गंगावैनीला विचारलं, तू कधी गेली आहेस का धबधब्यावर? "नाय बा," वैनी म्हणाली. "पावसात कोन जातंय वर? लावनी कोन करील?" झालं. तो दरवाजाही बंद.

तेव्हा शनिवारी दुपारीच विमलाबाई राजापूर एसटीत बसल्या. मंडळी रविवारी सकाळी गाडी करून येणार होती. तेवढ्या अवधीत दादाला पुढे घालून वाट बघून घ्यायची, एवढाच बेत होता.

दादा मात्र उठेना. आधी चहा, मग गुडघा, मग आभाळ भरलंय. शेवटी विमलाबाई कडाडल्या, "दादा, तू गेला होतास ना रे?"

आत्मारामने टोपी काढून मांडीवर ठेवली. वय सदुसष्ट, पण चेहरा शाळेत पकडलेल्या मुलाचा. "सड्यापर्यंत, वरच्या मोकळ्या कातळापर्यंत गेल्तो," तो म्हणाला. "फुडं धुकं व्हतं. परत आलो."

"आणि धबधब्याखालच्या कोंडात पोहलास, खेकडे धरलेस, ते?"

"ते आपलं सांगायला."

विमलाबाईंना राग आला आणि त्याच वेळी हसूही आलं. उसनं आणलेलं खोटंसुद्धा खोटंच निघालं. आता ग्रुपवर काय लिहायचं? ताप आला म्हणावं का? मोबाईल हातात घेऊन त्या अंगणात उभ्या राहिल्या. समोर डोंगरावर पांढरी रेघ दिसत होती.

गंगावैनी पडवीत टाकळ्याची भाजी निवडत होती. "वन्सं, मगासपास्नं काय बगताय?"

"तोच गं धबधबा. ती पांढरी रेघ."

वैनीने डोळ्यांवर हात धरला. "ती? तो तर भाऱ्याचा दगड."

"कसला दगड?"

"भाऱ्याचा. गवताचा भारा घेऊन उतारताना थितं टेकवायचा, पानी प्यायचं, परत डोक्यावर घ्यायचा. दिवाळीनंतर थोडंच असतं पानी, करंगळीयेवडं. तुमी धबधबा धबधबा म्हनता, मला वाटलं लांब कुटंतरी हाय." तिने काडी मोडून बाजूला टाकली. "लगीन झाल्यापास्नं जातेय की. सासूबायनीच दाखवलान मला."

"आईने?"

"मग कोन? त्यांचाच दगड तो. उंचीला बरा, भारा परत डोक्यावर घ्यायला दुसऱ्या कुनाचा हात लागत नाय."

विमलाबाई खाली पायरीवर बसल्या. आई तिथे वर्षानुवर्षं गेली, आणि घरात एकदाही तिने ते नाव काढलं नाही. काढलं असतं तरी भारा, दगड, गवत यांत कोणी धबधबा ऐकला नसता. त्यांना आईची फार आठवण आली.

वैनीने वाट सांगितली ती अशी: पऱ्याच्या कडेने मुळीच जायचं नाही, पाणी वाढलं तर मागे फिरता येत नाही. सड्यावरून आडवं जायचं, दोन पाऊलवाटा लागतात, त्यांतली वरची धरायची, आणि दुपारी दोनच्या आत परत फिरायचं. आत्माराम शेजारी बसून ऐकत होता.

मग विमलाबाईंनी ग्रुपवर लिहिलं. चार वेळा पुसलं, पाचव्यांदा पाठवलं: 'मी धबधब्यावर कधी गेलेले नाही. इतकी वर्षं खोटं सांगितलं, माफ करा. उद्या वाट माझ्या वहिनी गंगाबाई दाखवतील.'

आधी विनीत सरांचं आलं: 'त्या किती वेळा गेल्या आहेत?' आणि पाठोपाठ रसिकाचं: 'म्हणजे बाई, उद्या आपण दोघी पहिल्यांदाच.'

विमलाबाईंनी डोळे पुसले आणि सरांचा प्रश्न वैनीला विचारला.

"मोजायला कोन बसलाय," वैनी म्हणाली.

सकाळी आठला गाडी वाडीत शिरली. वैनी लग्नातलं जांभळं लुगडं नेसून तयार होती. तिने कोयता घेतला, रान वाढलंय म्हणून. मग सवयीने खुंटीवरची भारा बांधायची दोरी काढून खांद्यावर टाकली आणि दारात थबकली.

"वन्सं, येक इचारू? वर पोचल्यावर करायचं काय असतं?"

"काही नाही. बसायचं."

"बसायचं?"

"हो. पाणी बघत बसायचं."

वैनीने क्षणभर विचार केला आणि दोरी परत खुंटीला अडकवली.