खाचरातलं सातवं वळण

माझं माहेर पाण्याखाली आहे. लोणावळ्याच्या अंगाला धरण झालं तेव्हा मी नुकती सासरी, टाकव्याला आले होते. पाणी चढायच्या आधीच्या उन्हाळ्यात बापानं गाडी जुंपली आणि दारच्या भातखाचरातली काळी माती ओढून टाकव्याला आणली. एक-दोन नव्हे, सोळा खेपा. लोक म्हणाले, म्हातारा लेकीला सोनं द्यायचं सोडून चिखल देतोय. सासरे मात्र हसले नाहीत. त्यांनी ओढ्याकाठचं आमचं तळखाचर त्या मातीनं भरून घेतलं आणि मरायच्या आधी ते माझ्या नावावर केलं. धाकटा दीर दत्तोबा, त्याला वाटणीत माळावरचं वरकस आलं, नाचणी-वरईचं. माझ्या खाचरात आंबेमोहर व्हायचा. आमच्या घरात भात शिजला की रस्त्यानं जाणारा थबकायचा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

धरणाच्या आधी माहेरी दोन माणसं आली होती. त्यांच्याजवळ साखळी होती, चिंध्या बांधलेल्या काठ्या होत्या आणि कागद होता. बापानं त्यांना ताक पाजलं, काय मोजताय विचारलं. ती माणसं म्हणाली, काही नाही, असंच. दोन वर्षांत घर गेलं, शेत गेलं, आणि बाप उरलेलं आयुष्य आपल्या भावाच्या पडवीत जगला. ते 'असंच' मी विसरले नाही.

माझा मुलगा बजरंग. वीस वर्षांचा होईतो त्याचे वडील वारले होते. तो लोणावळ्याला एका शेठच्या बंगल्यावर मोटारी धुवायच्या कामाला लागला. ड्रायव्हरच्या शेजारी बसायचा, इंजिनात पाणी घालायचा. शिमग्याला चार दिवस घरी आला. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेणाची पाटी घेऊन खाचराकडं गेले, तर हा बांधावरून पावलं मोजत चाललेला. ओठ हलतायत. हातात काटक्या, काटक्यांना चिंध्या. चिंध्या माझ्याच जुन्या लुगड्याच्या. दहा पावलं चालला की वाकून एक काटकी रोवायचा, मागं सरून एक डोळा मिटून बघायचा.

मी पाटी खाली ठेवली. म्हटलं, "काय रं, काय मोजतुयास?"

तो दचकला. म्हणाला, "काय न्हाई, आये. असंच."

पाटी तिथंच सोडून मी घरी आले.

दुपारी तो नदीवर आंघोळीला गेला तेव्हा मी त्याची पत्र्याची ट्रंक उघडली. वर एक कागद होता, कॅलेंडराच्या पाठीवर जांभळ्या पेन्सिलीनं काढलेला. मला अक्षर लागतं; गुरवानं लहानपणी दीड वर्ष शिकवलं होतं. पण इथं वाचायची गरजच नव्हती. ओढा ओळखला. खंडोबाचं देऊळ ओळखलं, चिंचा ओळखल्या. आणि माझं खाचर, बैलाच्या कानासारखं, जसंच्या तसं. त्याच्या वरच्या बांधातून दोन रेघा जोडीनं आत शिरल्या होत्या, खाचराच्या ऐन पोटात वळल्या होत्या आणि ओढ्याकडून बाहेर पडल्या होत्या. तिथं लिहिलं होतं, वळण ७. खाली, रुंदी तीस फूट.

तीस फुटांचा रस्ता. माझ्या बापाच्या मातीतून.

तो ओल्या डोक्यानं आत आला. मी कागद त्याच्यापुढं धरला. "ह्यो रस्ता कुणाचा?"

त्यानं कागद हिसकावून घेतला. कानापर्यंत लाल झाला. "कुणाचा न्हाई. सायबाला दावायचाय."

"कुटल्या सायबाला?"

"शेठचा पावना हाय, इंजनेर. त्याला ह्यातलं लय कळतं. आये, तू कुणाला बोलू नगं. लोक हसत्याल."

कुणाला बोलू नको, एवढं मी ऐकलं. लोक कशाला हसतील, याचा विचार केला नाही. माझा मुलगा साहेबाच्या मोजणीला लागला आणि सुरुवात आईच्या शेतापासून केली, इतकंच मला दिसलं. तो परत लोणावळ्याला गेला तेव्हा मी त्याला दारापर्यंतही सोडायला गेले नाही.

दुसरी एखादी रडत बसली असती. मी हिशेबी बाई. कागदावरच्या रेघा मी डोळ्यांत ठेवल्या होत्या. त्या माझ्या खाचरातून जात होत्या. दत्तोबाच्या माळाला कुठंही शिवत नव्हत्या.

मी दत्तोबाला बोलावलं. गूळ-पाणी दिलं. म्हटलं, "भावजी, माजा बजरंग आता मोटारीचा झाला. त्यो काय चिखलात उतरत न्हाई. माझी कंबर बी आता लावणीला ऱ्हाती का? तुमी तळखाचर घ्या, मला तुमचं वरकस द्या. नाचणीवर माजं भागंल."

दत्तोबा गूळ हातात धरून बसून राहिला. "वहिनी, चेष्टा करताय व्हय?"

"चेष्टा करायला तुमी काय माजे मेव्हणे हाय का?"

त्याची बायको धोंडाबाई चौकटीत उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "जाऊबाईंना ऊन बाधलं जणू! गेल्या साली आमच्या कोंबड्या बांधावर गेल्या तर दगूड हाणलावता."

"धोंडे, गप," दत्तोबा म्हणाला. त्याला चार मुली. चौघी नाचणीवर वाढलेल्या.

पाडव्याला खंडोबाच्या देवळात पंच बसले. आमच्याकडं जमिनीची अदलाबदल झाली की आधी बेल-भंडारा उचलायचा, मग तलाठ्याचा कागद. कागद मोडता येतो. बेल-भंडारा उचलून दिलेला शब्द मोडल्याचं टाकव्यात कुणी ऐकलेलं नाही. ज्यानं मोडला त्याच्या घरी कुणी पाणी पीत नाही. गुरवानं माझ्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं, वर हळद टाकली. मी मोठ्यानं म्हणाले, "तळखाचर आजपासनं दत्तोबाचं, माळ माजा. मनात काय बी ठिवलेलं न्हाई." देवापुढं म्हणाले.

दत्तोबा माझ्या पाया पडला. पंचांच्या देखत हुंदके देऊन रडला. "वहिनी, दादा गेला, पर तुमी आईवानी..." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मनात म्हटलं, रड बाबा, आत्ताच रडून घे. पुढं आणखी रडायचंय.

गावात माझं नाव झालं. पाणवठ्यावर बायका मला वाट द्यायला लागल्या.

वैशाखात दत्तोबानं माझ्या खाचरात भाताच्या रोपांसाठी राब भाजला. शेणकूट, पालापाचोळा, वर मातीचा थर. धूर माझ्या दारापर्यंत यायचा. मी म्हणायचे, भाज, भाज. साहेबाची माणसं येतील तेव्हा तीच राख तोंडाला फास.

आणि एका दुपारी खरंच मोटार आली. कामशेतच्या बाजूनं धूळ उडवत आली आणि माझ्या दारात थांबली. मी पदर खोचून बाहेर आले. आत साहेब नव्हता. बजरंग होता आणि त्याच्यासोबत बंगल्यावरचा थोरला ड्रायव्हर, चाँदभाई. दाढी पिकलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस.

"सलाम, मावशी! शेठ मुंबईला गेलेत, म्हटलं बजरंगाचं गाव बघून यावं. ते सातवं वळण कुठं आहे, ते दाखवा आधी."

"कसलं वळण?"

"अहो, शर्यतीचं! तुमचा पोरगा कागदावर मोटारींच्या शर्यतीचे रस्ते काढतो. शेठकडं विलायती पुस्तकं येतात ना, त्यात असतात तसले. मोटारी सुटतात, गरगर फिरतात, पुन्हा तिथंच येतात. पाहुण्या साहेबानं याचा कागद बघितला तर खूश! म्हणाला, सातव्या वळणाला निम्म्या मोटारी चिखलात जाणार."

मी विचारलं, "आनि ह्यो रस्ता बांधनार कवा?"

चाँदभाई आधी माझ्याकडं बघत राहिला. मग एवढा हसला की मोटारीच्या पायरीवर बसला. "बांधणार? मावशी, त्याला राजाची तिजोरी लागेल! हा नाद आहे, नाद. कुणी कबुतरं पाळतं, कुणी पत्ते कुटतं, हा रस्ते काढतो. पोरगा गुणी आहे हो तुमचा. बिडीसुद्धा ओढत नाही."

बजरंग लाजून हसत होता. चाँदभाईनं एवढं कौतुक केलं म्हणून त्याला धीर आला. त्यानं मोटारीतली ट्रंक घरात आणली आणि घोंगडीवर कागद पसरले. चाळीस-पन्नास तरी असतील. एक वडिवळ्याच्या शेतांतून फिरणारा, एक नवलाख उंबरे गावाच्या वेशीला वळसा घालणारा. एक तर त्या धरणाच्या भिंतीवरून, जिथं खाली माझं माहेर आहे. प्रत्येकावर वळणांना आकडे. मी एकेक रेघ बोटानं धरून गेले. प्रत्येक वेळी बोट फिरून सुरुवातीला आलं.

"हे रस्तं कुटं जात्यात?"

"कुटंच न्हाई, आये. फिरून हितंच."

"मग तवा का बोलला न्हाईस?"

"बोललो की. कुणाचा न्हाई म्हनलो. कुणाचाच न्हाई त्यो." मग त्याची नजर दाराबाहेर गेली. "आये, आपल्या खाचरात काकानं राब का भाजलाय?"

मी सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून बरं. चाँदभाई मोटारीपाशी गेला होता, तेवढी अब्रू राहिली. बजरंगनं सगळं ऐकलं, कागद गोळा केले, कडा नीट जुळवल्या.

"म्हंजे रस्त्यात जमीन जानार, ती काकाची जावी म्हून?"

"तुज्यासाठी केलं."

"काकाला बुडवायला निघालीवतीस."

एरवी मी त्याच्या कानफटात दिली असती.

तो म्हणाला, "अजून तलाठ्याचा कागद न्हाई झाला. काकाला खरं सांग. त्यो चांगला मानूस हाय. सोताहून देवापुढं तुला शबदातनं सोडवंल."

"आनि सांगू काय? माझ्या तोंडानं सांगू, की भावजी, तुमचं वाटोळं व्हावं म्हून मी बेल उचलला?"

"व्हय," बजरंग म्हणाला. "तेच."

तलाठी ज्येष्ठात आला. मधले पंधरा दिवस मी रोज सकाळी दत्तोबाच्या दाराशी जायचे आणि वाटेतून परत यायचे. बजरंग रजा मागून चावडीत हजर राहिला. एका कोपऱ्यात उभा राहून माझ्याकडं बघत होता.

तलाठ्यानं चष्मा वर केला. "बाई, ओढ्याकाठचं खाचर देऊन खडक घेताय. कुणी दमदाटी तर केली नाही? कारण काय लिहू?"

दत्तोबाच पुढं आला. हात जोडून म्हणाला, "वहिनी, मनात काय आसंल तर आत्ता बोला. मला राग न्हाई. मी सोता गुरवाला सांगून तुमचा शबुद सोडवतो. खाचर तुमच्या बापाच्या मातीचं हाय, मला ठावं हाय."

बजरंगनं मान हलवली, बोल म्हणून. मी तोंड उघडलं. माझ्या आजवरच्या आयुष्यात कुणी माझ्यापुढं एवढा सोपा दरवाजा उघडून धरला नव्हता. एकच वाक्य बोलायचं होतं. तेवढ्यात दारातून धोंडाबाई म्हणाली, "आता फिरत्याल बगा. मला पयल्यापासनं ठावं हुतं."

मी पाठ ताठ केली. तलाठ्याला म्हटलं, "कारन लिवा. दिराला चार पोरी हायत्या, त्यांच्या तोंडात भात पडावा म्हून."

तलाठ्यानं लिहिलं. पंच वाहवा म्हणाले. अंगठ्याची शाई पुढं आली ती मी बाजूला सारली आणि टाक मागून सही केली, मुक्ताबाई, पूर्ण नावानिशी.

बाहेर आल्यावर बजरंग माझ्याबरोबर चार पावलं चालला. म्हणाला, "आये, आता कागदावर बी तितनं मोटार न्यायची तर काकाला इचारावं लागंल." हसला नाही. आणि लोणावळ्याची वाट धरली.

याला सात वर्षं झाली. बजरंग आता स्वतः मोटार चालवतो. सणाला येतो, जेवतो, जातो. ट्रंक आणत नाही. एकदा मी आपण होऊन विचारलं, अजून रस्ते काढतोस का. म्हणाला, "काढतो की. पर आपल्या गावचं न्हाईत." दत्तोबाच्या दोन मुलींची लग्नं झाली. दोघींना पाठवणीच्या वेळी आधी माझ्या पाया पडायला लावलं. दर दिवाळीला तो नव्या आंबेमोहराचं सूप भरून माझ्या ओट्यावर ठेवतो, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून सांगतो, की वहिनींचं मन असं. मी ते तांदूळ दारी येणाऱ्याला वाटून टाकते. त्यामुळं माझं नाव आणखीच वाढलं आहे.

मी माळावरची नाचणीची भाकरी खाते. तशी ती वाईट नसते. फक्त संध्याकाळी दार लावून घ्यावं लागतं. आंबेमोहर शिजला की वास चार घरं जातो, आणि धोंडाबाई मुद्दाम झाकण ठेवत नाही.