धवलच्या गळ्याभोवतीचा दंड

"सोड त्याला! सोड म्हणतेय ना, साल्या! माझा भाऊ मरेल!"

नीरजा ओरडत होती आणि दोन्ही हातांनी मला ओढत होती. मी तसूभर हललो नाही.

मित्रांनो, धवलचा गळा आवळणारा तो मीच. सुयशच्या उजव्या दंडातला स्नायू. जिमवाले मला बायसेप्स म्हणतात. सुयश आणि धवल मावसभाऊ, दिल्लीत मुनिरकाच्या एकाच गल्लीत वाढलेले. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी. नीरजा धवलची धाकटी बहीण.

मी काही जिममध्ये तयार झालो नाही. सुयश जन्मला तेव्हाच माझे बहुतेक तंतू होते. डंबेल उचलून त्यांची संख्या वाढत नाही, ते फक्त जाड होतात. करोल बागेत मेकॅनिकने कापलेली क्लचवायर बघितलीय? एक तार दिसते, आत तारांचा जुडगा निघतो. मीही तसाच. माझ्यात तंतूंचे जुडगे, प्रत्येक तंतूत आणखी बारीक दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांत दोन प्रकारचे धागे, जाड आणि बारीक.

मेंदूकडून नसेतून ऑर्डर आली की माझ्या आत कॅल्शियम सुटतं. मग बारीक धाग्यावरच्या पकडायच्या जागा उघड्या पडतात. जाड धाग्याला इवली इवली डोकी असतात. ती पकडतात, खेचतात, सोडतात, पुढे पकडतात. रस्सीखेच खेळताना हात पुढे टाकत जातात ना, तसं. धागे आखूड होत नाहीत, एकमेकांत घुसतात. आखूड होतो तो मी. आणि मला फक्त ओढता येतं. ढकलायचं काम मागच्या ट्रायसेप्सचं.

माझे लाड खूप झाले. सुयश आरशासमोर माझे मुके घ्यायचा, खोटं नाही सांगत. माझ्यासाठी त्याने बाह्या कापलेले टीशर्ट आणले होते.

आज रविवार, जिममध्ये धवलशी पंजा लढवायचा होता. आता आमच्याकडच्या हीरो लोकांची अक्कल बघा. पंजाच्या आधी आराम द्यायचा सोडून सुयशने मला डंबेलवर पिळून काढलं. का, तर रीलमध्ये शिरा दिसल्या पाहिजेत! रक्त भरून मी टम्म झालो, पण आतला दम संपला होता. धवल नीरजाला घेऊन जिना चढून आला, बसला, आणि सुयशचा हात धाडकन बेंचवर आपटला. काडीसारखा पोरगा!

सगळे फिदीफिदी हसले. धवल मोठ्याने म्हणाला, "भाई, ये डोला है या गुब्बारा?" म्हणजे मी दंड की फुगा! मग वाकून मराठीत, फक्त सुयशला ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशीला सांग, दूध बंद कर. वाया चाललंय."

त्या मराठीनेच आग लागली. धवल वळला तसा सुयशने मागून त्याच्या गळ्याभोवती कोपर घातलं. ऑर्डर आली, ओढ. मी ओढलं. धवलने लाथा झाडल्या, लोखंडी स्टँड आडवा झाला, एकाच्या पायावर प्लेट पडली. धवलने मला थापटलं. जिममध्ये थापटलं म्हणजे हरलो, सोड. सगळ्यांना माहीत असतं. सुयशलाही माहीत होतं. पण ऑर्डर येतच राहिली. नीरजा मला कचकन चावली, रक्त आलं, तरी येतच राहिली.

मग नीरजाने मला ओढणं सोडलं. हळू आवाजात म्हणाली, "सुयश, तो आता थापटत नाहीये."

ऑर्डर थांबली.

तुम्हाला वाटेल, मग मी आपोआप सैल पडलो. नाही! त्या डोक्यांना पकड सोडायला एटीपी नावाचं इंधन लागतं. सुटलेलं कॅल्शियम परत भरून ठेवायलाही तेच लागतं. मेलेला माणूस ताठ का होतो? इंधन संपतं, डोकी चिकटलेलीच राहतात. आवळायला लागतो तसा सोडायलाही जोर लागतो, मित्रांनो. होतं नव्हतं ते जाळून मी थरथरत सुटलो.

धवल रबरी मॅटवर पडला. ओठ निळे. सुयश गुडघ्यांवर बसून त्याला हलवत होता. "ऊठ ना यार. बोल काहीतरी. गुब्बारा म्हण ना मला!"

घरघर करत धवलने श्वास घेतला. डोळे उघडले. तोंड हललं, पण आवाज निघाला नाही. अजूनही निघत नाहीये. नीरजा ऑटो आणायला खाली पळालीय.

मला वाढवा, फुगवा, काय हवं ते करा. पण मला राग कळत नाही, मला ऑर्डर कळते. समोरचा थापटतो ते माझ्या कातडीला कळतं, पण थांबायचं मला ठरवता येत नाही. ते तुम्हीच ठरवायचं. आणि वेळेवर ठरवायचं, कारण गळा काही माझ्यासारखा आराम दिला की भरून येत…

खालून नीरजाची हाक आली. ऑटो आला. धवलला उचलायचंय, मला निघायला पाहिजे.