एका मुद्द्याला एक बोट

टीव्हीवर साडी नेसून ‘सरपंचीणबाई’ करतो तो गोरक्ष मीच. तुम्हीही हसला असाल. अख्खा महाराष्ट्र हसला.

माझी बायको धनश्री श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावाची खरीखुरी सरपंच. जागा महिलांसाठी राखीव झाली, तेव्हा मीच तिला उभं केलं. निवडून आली, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की बिचारीला घाम फुटायचा. मग ती भाकरी थापत असताना मी तिला युक्ती सांगितली.

“एका मुद्द्याला एक बोट. बोट मिटायचं अन् बोलायचं. मूठ झाली की खाली बसायचं.”

करंगळी पाण्याची, शेजारचं बोट रस्त्याचं, असं पिठाच्या हातानं तिनं पाठ केलं. पहिल्या ग्रामसभेत मूठ मिटून ती बसली आणि सगळ्यांत आधी तिनं माझ्याकडे पाहिलं. एवढ्या विश्वासानं माझ्याकडे कुणी कधी पाहिलं नव्हतं.

मी जत्रेत नकला करायचो. त्या बघून चॅनलवाल्यांनी विनोदाच्या कार्यक्रमात बोलावलं. घरातलं काहीतरी करा, म्हणाले. मी धनश्रीचीच साडी नेसलो, हात वर धरला, करंगळी मिटली आणि मुद्दा विसरलो. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. परीक्षक हसून हसून टेबलावर आडवे झाले.

त्या दिवशी फोनवर ती म्हणाली, “लई हसले व्हय लोकं?”

“लई!”

“मग बरं झालं.”

मी गाढव, मला ते खरंच वाटलं. पुढचे वीस भाग मी तेच केलं.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला मी मुद्दाम सुट्टी काढून गावी आलो. पलीकडच्या वाडीतल्या पोरांची शाळा पावसाळ्यात बुडते, म्हणून धनश्रीला ओढ्यावरचा पूल मागायचा होता. ती उठली. हात वर करून तिनं करंगळी मिटली आणि सभेत हशा पिकला. वाईट मनानं नाही हो. पुढं बसलेली म्हातारी लंकाबाई तर कौतुकानंच ओरडली, “कर की गं, टीव्हीवानी कर!”

“हसू नका!” मी ओरडलो. लोक आणखीच हसले. मला बघून हसायची सवय त्यांना मीच लावली होती.

धनश्रीनं हात पदराखाली घेतला आणि पुलाचा मुद्दा न मांडताच खाली बसली. ग्रामसेवकानं पुढचा विषय घेतला. महिनाभरात तिनं राजीनामा दिला. माझ्याशी भांडली असती तर मी तिचे पाय धरले असते, पण ती भांडलीसुद्धा नाही.

परवा बाजाराला निघालो तेव्हा ती सामान सांगत होती. साबण, चहा, माझ्या वडलांच्या गोळ्या. चौथं काही केल्या तिला आठवेना.

“बोटावर मोज ना,” मी सवयीनं बोलून गेलो.

तिनं हात पदराबाहेर काढला नाही.

“नगं,” ती म्हणाली. “हसाल तुमी.”